सात मिलिमीटर

एक इंच म्हणजे एक मैल, त्या काळचा नकाशा.
कोपऱ्यात मोजणीचं साल, पाण्याच्या डागाखाली,
शेवटचा आकडा एक असेल किंवा सात.
रत्नागिरीच्या रद्दीवाल्याकडून वजनावर आणला,
सोबत दोन किलो जुन्या उत्तरपत्रिका घ्याव्या लागल्या.

घडी नेमकी गोताडांच्या कोंडावर पडते.
कोंड म्हणजे वस्ती की डोह,
ते लिहिणाऱ्याच्या इंग्रजी अक्षरांना ठाऊक नव्हतं,
म्हणून त्याने तांबडे ठिपकेही दिले, निळा फुगवटाही.
फाटलं तिथे कुणीतरी चिकटपट्टी लावलेली, ती पिवळी पडली आहे.
पिवळा म्हणजे शेती, हे मीच आठवीला शिकवते.

मेच्या सुट्टीत आसवी नदीच्या मुखापासून वर चालायला लागले.
पहिल्याच दिवशी नदी सापडली नाही.

म्हणजे नदी होती, नकाशातली नव्हती.
निळ्या रेषेच्या जागी काजूची बाग, तारेचं कुंपण,
पाटी : कुत्र्यापासून सावध.
पाणी सात मिलिमीटर दक्षिणेला सरकलेलं.
जमिनीवर ते होतात साडेचारशे मीटर,
एक अख्खी वाडी, तिचा मळा, तिची पाणवठ्याची वाट.

धाकू गोताड कुंपणाशी बकऱ्या राखत होता.
नकाशा त्याने आडवा धरला,
समुद्र वर, सह्याद्री खाली,
आणि तसाच बरोबर वाचला.
"नई हितनं जायाची. हितं डव्ह व्हता, बैल बुडंल येवढा.
खारबांध फुटला तवा आमचा बा सोळा वर्सांचा.
येका रातीत कूस बदलली तिनं."
मग तारेखालून शिरून काठीने माती उकरली.
वीतभर खाली शिंपले,
काजूच्या मुळांत अडकलेले, अजून पांढरे.
कुत्रा आला. आम्ही पळालो.

वर, दोन मैलांवर, म्हणजे दोन इंचांवर,
पायवाटेची तुटक रेष काठाशी थांबते
आणि पलीकडून पुन्हा सुरू होते.
मधल्या निळ्यात इंग्रजीत 'फेरी'. आपण म्हणतो तर.
तर म्हणजे होडी,
पुढच्या वाक्यासाठी अडून बसतं ते 'तर' नव्हे.
पण मी तिथे अडलेच.

दाऊद होडेकर ऐंशीचे.
पूल झाला, तर बंद पडली,
होडीच्या फळ्या गोठ्याला लागल्या,
आडनावात तेवढी होडी राहिली.
चष्म्यावर चष्मा धरून त्यांनी बराच वेळ नकाशा पाहिला.
"विहीर आहे. मशीद आहे. आंब्याचं झाडसुद्धा.
हाकेचा दगड कुठाय?"

याच दगडावर उभं राहून लोक पलीकडे हाक मारायचे.
त्यांच्या आईला नुसत्या हाकेवरून कळायचं,
कुणाची बाई अडली आहे, कुणाचं वऱ्हाड आलंय,
आणि कुठला तलाठी.
तलाठ्याला ती भाकऱ्या होईपर्यंत थांबवायची.

मी विचारलं नव्हतं, तरी ते दगडावर चढले.
तोंडाशी हात नेला :
ओऽऽ तरीऽऽ

पलीकडे वाळूच्या तराफ्यावर एका पोराने
पंप बंद केला. इकडे बघत राहिला.
तेवढ्या वेळात पाण्याचा आवाज आला, खरा,
दगडाला घासून जाणारा.
मग त्याने पंप सुरू केला.

रात्री दिव्याखाली मी पेन्सिल तासून बसले.
तिचं टोक अर्धा मिलिमीटर,
म्हणजे तीसेक मीटर.
दगड चार हातांचा.
खूण केली तर तिच्याखाली दाऊदभाईंचं घर जातं,
गोठा जातो, फळ्यांसकट,
आणि निम्मं पात्र.
पेन्सिल ठेवून बोट टेकवलं,
तर नदीच दिसेना.